तोफखान्याची रेजिमेंट कोणाची? इन्फंट्री डिव्हिजनशी तिचं नातं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये ट्रेनिंग पुरं करून एका मीडियम रेजिमेंटमध्ये रुजू झाला. फोनवर तो म्हणतो, ‘आम्ही अमुक इन्फंट्री डिव्हिजनमध्ये आहोत.’ मग तो तोफखान्याचा की पायदळाचा? डिव्हिजन हलली तर त्याची रेजिमेंटही हलणार का? आणि तोफ डागायचा हुकूम कोण देतं, त्याचे सीओ (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) की पायदळवाले?

आधी एक विनंती. रेजिमेंटचा नंबर, डिव्हिजनचा नंबर आणि ठिकाण, तिन्ही तुम्ही प्रश्नात लिहून टाकलं आहे. ते आत्ताच काढा. कोणता तोफखाना कोणत्या डिव्हिजनबरोबर कुठे उभा आहे यावरून तिथे किती आणि कुठवर मारा होऊ शकतो याचा हिशेब मांडता येतो. शत्रू तोच मांडत असतो. उत्तर समजून घ्यायला त्या नंबरांची काही गरज नाही, आणि आज कुठे तैनात असलेल्या कुठल्या युनिटचा नंबर मीही सांगणार नाही; खाली येतील ते इतिहासातले.

माझी सगळी नोकरी तोफखान्यात झाली. ओपी अफसर, म्हणजे पुढच्या निरीक्षण चौकीवरून मारा पाहणारा अफसर, म्हणून पायदळाच्या कंपनीबरोबर डोंगर चढलो, बॅटरी कमांडर म्हणून पलटणीच्या (बटालियनच्या) सीओंच्या शेजारी बसलो, पुढे रेजिमेंट सांभाळली. त्यामुळे हे नातं तिन्ही पायऱ्यांवरून पाहिलं आहे. तुमच्या तीन प्रश्नांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: हुकूम एकाचा आणि मदत दुसऱ्याला, असं युनिट लढाईत चालतं कसं?

शब्दांचा एक घोटाळा आधी दूर करू. मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट म्हणजे बेळगावचं सेंटर आणि त्या नावाच्या सगळ्या पलटणी. या पलटणी देशभर वेगवेगळ्या डिव्हिजनांत विखुरलेल्या असतात. अख्खी रेजिमेंट एका जागी लढायला उतरत नाही. तोफखान्यात मात्र रेजिमेंट म्हणजे प्रत्यक्ष लढणारं एकच युनिट, पायदळाच्या एका पलटणीच्या तोडीचं. साधारणपणे सहा-सहा तोफांच्या तीन बॅटऱ्या, म्हणजे १८ तोफा, आणि वर एक कर्नल. अशी सगळी युनिटं मिळून जो तोफखाना होतो त्याचं नाव रेजिमेंट ऑफ आर्टिलरी. हा तोफखाना आपला स्थापना दिवस २८ सप्टेंबरला साजरा करतो, कारण १८२७ साली त्या दिवशी मुंबई इलाख्याच्या फौजेत एक तुकडी उभी राहिली आणि तीच पुढे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली. तुमचा भाचा नोकरीभर या तोफखान्याचा. हे बदलत नाही.

आता डिव्हिजन. नावात ‘इन्फंट्री’ असली तरी डिव्हिजनमध्ये एकटं पायदळ नसतं. मेजर जनरल दर्जाचे जीओसी (जनरल ऑफिसर कमांडिंग) तिचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली सहसा तीन इन्फंट्री ब्रिगेड, प्रत्येक ब्रिगेडमध्ये सहसा तीन पलटणी. त्यांच्या जोडीला इंजिनिअर, सिग्नल, रसद, मेडिकल आणि एक आर्टिलरी ब्रिगेड. जुने लोक आर्टिलरी ब्रिगेडच्या कमांडरला अजून सीआरए म्हणतात. तेही ब्रिगेडियरच, म्हणजे इन्फंट्री ब्रिगेडच्या कमांडरच्या बरोबरीचे, आणि दोघेही थेट जीओसींना जबाबदार. भाच्याचे सीओ या आर्टिलरी ब्रिगेडच्या कमांडरखाली येतात. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की त्याची रेजिमेंट डिव्हिजनची आहे, पण डिव्हिजनमधल्या पायदळाच्या हाताखाली नाही.

आर्टिलरी ब्रिगेडमध्ये कोणत्या आणि किती रेजिमेंट असतील ते मुलखावर अवलंबून असतं. पहाडातली डिव्हिजन, पंजाबच्या कालव्यांमागची डिव्हिजन आणि राजस्थानातली डिव्हिजन यांची मांडणी एकसारखी नसते. फील्ड रेजिमेंटकडे बराच काळ १०५ मिलिमीटरची इंडियन फील्ड गन आणि लाइट फील्ड गन होती, अजूनही अनेकांकडे आहे. मीडियम रेजिमेंटकडे जुनी १३० मिलिमीटरची किंवा १५५ मिलिमीटरची बोफोर्स, आता धनुष, शारंग वगैरे. लाइट रेजिमेंटकडे १२० मिलिमीटरच्या उखळी तोफा, डोंगराच्या मागच्या उतारावर गोळा टाकायला त्या फार कामाच्या. पिनाकासारखी रॉकेटं किंवा शत्रूच्या तोफा हुडकणारी रडारं बहुतेक वेळा डिव्हिजनच्याही वर, कोअरच्या किंवा आर्टिलरी डिव्हिजनच्या हातात ठेवतात. अशी एक आर्टिलरी डिव्हिजन आपल्या पुण्यातच आहे.

आता मुख्य मुद्दा. डिव्हिजनमध्ये तीन इन्फंट्री ब्रिगेड आणि तेवढ्याच तोफखान्याच्या रेजिमेंट असतील, तर प्रत्येक ब्रिगेडला एकेक देऊन का टाकत नाहीत? पायदळातले तरुण अफसर हे हमखास विचारतात, आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. शेतीतलं उदाहरण घ्या. तीन भावांत विहीर एक असली तर ती कोणी तीन तुकड्यांत वाटत नाही. पाणीपाळी लावतात, आणि ज्याचं पीक जळायला आलं त्याच्या वावरात आधी दारं धरतात. तोफखान्याचंही असंच. तोफा एका हाताखाली ठेवायच्या आणि मारा जिथे गरज आहे तिथे द्यायचा.

यामागे साधं गणित आहे. इंडियन फील्ड गनचा पल्ला सुमारे १७ किलोमीटर. ती आघाडीच्या रेषेपासून सहा किलोमीटर मागे लावली, तर आघाडीवर डावीकडे सुमारे १६ आणि उजवीकडे सुमारे १६ किलोमीटरपर्यंत तिचा गोळा पोचतो. म्हणजे शेजारच्या दोन्ही ब्रिगेडपुढचं बरंचसं क्षेत्र तिच्या टप्प्यात. १३० मिलिमीटरच्या तोफेचा पल्ला २७ किलोमीटर, तिची पोच त्याहून मोठी. जवानांची एक कंपनी एका ब्रिगेडकडून दुसऱ्या ब्रिगेडकडे न्यायची तर रात्र जाते. तोफेचं तोंड वळवून नवा आकडा लावायला काही मिनिटं पुरतात. ही सोय तोफा वाटून टाकल्या की संपते: एका ब्रिगेडवर हल्ला तुटून पडलेला असतो आणि दुसऱ्या ब्रिगेडच्या तोफा थंड बसलेल्या असतात. म्हणूनच आमच्याकडे पहिल्या दिवसापासून शिकवतात की तोफखाना राखीव म्हणून बाजूला ठेवायचा नसतो. पलटण राखीव असेल, रणगाडे राखीव असतील. तोफ मात्र कोणासाठी तरी लढतच असली पाहिजे.

हे शहाणपण रक्त सांडून आलेलं आहे. १९४१-४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात, जिथे आपली चौथी इंडियन डिव्हिजनही लढत होती, ब्रिटिशांनी ‘जॉक कॉलम’ नावाच्या छोट्या फिरत्या तुकड्या काढल्या होत्या. थोडं पायदळ, थोड्या २५ पाउंडर तोफा, आणि शत्रूला सतावत फिरायचं. त्यांचं धाडस मोठं होतं, पण तोफा अशा विखुरल्या गेल्या की जर्मन रणगाडे एकत्र चालून आले तेव्हा समोर दाट मारा उभा राहिना. पुढे तोफा परत डिव्हिजनच्या हाताखाली गोळा केल्या. २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री अल अलामीनला सुमारे ९०० तोफा एका योजनेखाली धडाडल्या. त्या काळच्या डिव्हिजनमध्ये २४ तोफांच्या तीन फील्ड रेजिमेंट असत, एकूण ७२ तोफा. एका ओपीवरचा एक तरुण अफसर वायरलेसवर ‘अंकल टार्गेट’ म्हणाला की डिव्हिजनच्या सगळ्या ७२ तोफा त्याच्या लक्ष्यावर वळू शकत. रेजिमेंटपुरतं असेल तर ‘माइक टार्गेट’. रेजिमेंट आणि डिव्हिजन यांच्या नात्याचं मर्म मला या पद्धतीत दिसतं: तोफा वरच्याच्या ताब्यात, पण त्या मागण्याची सोय अगदी पुढच्या माणसाच्या हातात.

मग पायदळाच्या पलटणीला तोफा आपल्या वाटाव्यात कशा? त्यासाठी आम्ही माणसं देतो. रेजिमेंटला एखाद्या इन्फंट्री ब्रिगेडसाठी ‘डायरेक्ट सपोर्ट’मध्ये लावलं की तिचे सीओ त्या ब्रिगेडच्या कमांडरचे तोफखान्याचे सल्लागार होतात. त्यांचे बॅटरी कमांडर एकेका पलटणीच्या सीओंबरोबर जातात. आणि पुढे कंपनीबरोबर जातो तो एफओओ, म्हणजे अगदी पुढे राहून मारा पाहणारा आणि दुरुस्त करणारा अफसर. सोबत एक टेक्निकल असिस्टंट, रेडिओवाला आणि एखाद-दोन जवान. तोफखान्याचे हे लोक पायदळाबरोबर खातात, चालतात, तिथेच झोपतात. कमांड मात्र तोफखान्याचीच.

एका कंपनीच्या हल्ल्यात हे कसं दिसतं ते सांगतो. कंपनी रिजवर चढते आहे, वर बंकरमधून मशीनगन चालू झाली आणि सगळे खडकांना चिकटले. कंपनी कमांडर एफओओला हाताने बंकर दाखवतो. एफओओ लेझर रेंजफाइंडरने अंतर घेतो, होकायंत्राची दिशा आणि नकाशा जुळवतो आणि रेडिओवर लक्ष्याचा ग्रिड, उंची आणि लक्ष्याचं वर्णन पाठवतो. मागे गन पोझिशनच्या कमांड पोस्टमध्ये जीपीओ (गन पोझिशन ऑफिसर) हिशेब करतो: वारा, हवेचं तापमान, बारुदीचं तापमान, नळी किती झिजली आहे, तोफ आणि लक्ष्य यांच्या उंचीतला फरक. तोफेवर नंबर वन, म्हणजे त्या तोफेचा हवालदार, आकडा लावून घेतो. एकच तोफ एक गोळा टाकते. रेडिओवर ‘शॉट’ ऐकू येतं आणि पुढचे वीस-तीस सेकंद फार लांब वाटतात. गोळा उजवीकडे आणि बंकरच्या अलीकडे पडला, तर एफओओ म्हणतो, ‘लेफ्ट २००, ॲड ४००.’ पुढचा पलीकडे पडला की अंतर निम्मं करायचं. लक्ष्य दोन गोळ्यांच्या मध्ये सापडलं, पुन्हा निम्मं केलं, आणि मग अख्ख्या बॅटरीला ‘फायर फॉर इफेक्ट’.

पण खरी परीक्षा त्यानंतर असते. गोळे पडत असताना बंकरमधला शत्रू डोकं वर काढत नाही. तेवढ्या वेळात पायदळाला जमेल तितकं जवळ जायचं असतं. मारा लवकर उचलला तर मशीनगन परत चालू होते, उशिरा उचलला तर आपलीच माणसं तुकड्यांच्या टप्प्यात येतात. कधी उचलायचा हे कंपनी कमांडर आणि एफओओ एकमेकांच्या शेजारी पडून ठरवतात. त्या क्षणी कोण कोणाच्या डिव्हिजनचा आणि कोण कोणाच्या हाताखाली, हे कोणी विचारत नाही. हा भरवसा कागदावरच्या हुकमाने येत नाही. म्हणून शांततेतही रेजिमेंट आणि पलटणींनी एकत्र सराव करावा यावर मी नेहमी अडून बसायचो. लढाईत आवाज ओळखीचा लागतो.

हुकूम कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर इथेच आलं. मारा कुठे हवा हे पायदळ सांगतं. तो कसा, किती तोफांनी, कोणत्या गोळ्याने द्यायचा हे तोफखाना ठरवतो. डायरेक्ट सपोर्टमधल्या आपल्या बॅटरीकडून एफओओ थेट मारा मागवतो. इतर बॅटऱ्या किंवा इतर रेजिमेंट लागल्या तर विनंती वर जाते, आणि एकाच वेळी दोघांनी मागितलं तर डिव्हिजनच्या योजनेनुसार अग्रक्रम ठरतो. हे झालं युद्धातलं. शांततेच्या काळात नियंत्रण रेषेवर तोफखाना वापरायचा की नाही हा निर्णय पुष्कळ वरच्या पातळीवर होतो, कारण एका गोळ्याचे परिणाम दिल्लीपर्यंत पोचतात. तिथे नोव्हेंबर २००३ मध्ये युद्धविराम झाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झालं. त्या चौकटीत एखाद्या तरुण अफसराला आपल्या मनाने तोफ डागता येत नाही.

आता डिव्हिजन हलली तर काय? याचं सर्वांत चांगलं उदाहरण कारगिल. १९९९ च्या मे महिन्यात घुसखोरीचा अंदाज आला तेव्हा तो भाग लेहच्या ३ इन्फंट्री डिव्हिजनकडे होता आणि कारगिलला तिची एक ब्रिगेड होती. द्रास-मुश्कोहची लढाई नंतर काश्मीर खोऱ्यातून आलेल्या ८ माउंटन डिव्हिजनकडे सोपवली. डिव्हिजन अशी कामगिरीवर निघाली की तिची आर्टिलरी ब्रिगेड तिच्याबरोबरच असते. पण त्या शिखरांवर एका डिव्हिजनच्या तोफा पुरणाऱ्या नव्हत्या. म्हणून दुसरीकडून रेजिमेंट आल्या, त्यांत बोफोर्सच्याही. आलेल्या रेजिमेंटनी आपापली जुनी डिव्हिजन मागे ठेवली आणि इथल्या आर्टिलरी ब्रिगेडच्या योजनेत सामील झाल्या. या युद्धात तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बाँब आणि रॉकेटं डागली. सुमारे ३०० तोफा, उखळी तोफा आणि रॉकेट लाँचर कामाला होते.

१३ जूनला तोलोलिंग हाती आलं, ४ जुलैला टायगर हिल. दोन्ही ठिकाणी पायदळ वर चढण्याआधी आणि चढत असताना अनेक रेजिमेंटचा मारा एकाच शिखरावर एकवटला होता. बोफोर्स तर काही ठिकाणी समोर दिसणाऱ्या बंकरवर थेट नेम धरून डागली, जे मीडियम तोफेचं नेहमीचं काम नव्हे. पातळ हवेत गोळा लांब जातो, मैदानातले तक्ते तिथे जसेच्या तसे चालत नाहीत, त्यामुळे आमच्या लोकांनी तिथे मारा दुरुस्त करत करत नेम बसवला. तोफा वाटून टाकलेल्या असत्या तर हे झालंच नसतं. ३० जुलै २०२२ रोजी द्रासमधल्या पॉइंट ५१४० ला ‘गन हिल’ हे नाव दिलं गेलं. पायदळाने जिंकलेल्या शिखराला तोफेचं नाव मिळालं याचा मला फार अभिमान वाटतो, आणि त्या शिखरावर चढलेल्या पलटणींचा त्याहून जास्त.

रेजिमेंट दुसऱ्याच्याच डिव्हिजनसाठी किती झोकून देऊन लढते याचं एक जुनं उदाहरण आहे. डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातलं कलादान खोरं. हवालदार उमराव सिंग ३० माउंटन रेजिमेंटचे. त्यांची तोफ ८१ व्या पश्चिम आफ्रिकन डिव्हिजनच्या सैनिकांना मदत करायला पुढे लावली होती. तोफ भारतीय, पायदळ गोल्ड कोस्टचं, म्हणजे आजच्या घानाचं. जपान्यांचे हल्ले तोफेवर आले, बहुतेक साथीदार पडले, दारूगोळा संपला, तरी हा माणूस तोफेची लोखंडी पहार हातात घेऊन लढला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

शांततेच्या काळात चित्र वेगळं असतं. डिव्हिजनचं मुख्यालय वर्षानुवर्षं एका जागी राहतं, रेजिमेंट मात्र पाळीपाळीने बदलतात. भाच्याचं युनिट काही वर्षं या डिव्हिजनमध्ये राहील, मग कुठल्या तरी पीस स्टेशनला जाईल, तिथे दुसऱ्याच फॉर्मेशनखाली येईल आणि तिची जागा दुसरी रेजिमेंट घेईल. तेव्हा नेहमीच्या बदलीत डिव्हिजन आणि रेजिमेंट बरोबर हलत नाहीत. लढाईसाठी कूच झालं तर हलतात.

हे सगळं आता बदलूही लागलं आहे. २६ जुलै २०२५ ला द्रासला लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी ‘रुद्र’ ब्रिगेडची घोषणा केली: पायदळ, रणगाडे, तोफखाना, ड्रोन असं सगळं एकाच ब्रिगेडमध्ये. त्याच भाषणात ‘दिव्यास्त्र’ बॅटऱ्या आणि ‘शक्तिबाण’ रेजिमेंटही आल्या, ड्रोन आणि घिरट्या घालून लक्ष्यावर पडणारी शस्त्रं बाळगणाऱ्या. म्हणजे काही तोफा ब्रिगेडच्या हातात जाणार. लढाई झटपट पेटते आणि झटपट आटोपते तिथे हे योग्य आहे असं माझं मत आहे. पण त्या ब्रिगेडच्या तोफा शेजारच्याने मागितल्या तर किती लवकर मिळतील, याचीही सोय तितक्याच काळजीने व्हायला हवी. ती झाली नाही तर वाळवंटात जे झालं तेच पुन्हा होईल.

भाचा सुट्टीवर येईल तेव्हा त्याच्या गणवेशाकडे बघा. टोपीवरच्या बिल्ल्यावर तोफ असेल, ‘सर्वत्र’ आणि ‘इज्जत ओ इकबाल’ हे शब्दही असतील. तो तोफखान्यात आहे तोवर हा बिल्ला तोच राहील. बाहीवर ज्या फॉर्मेशनमध्ये युनिट आहे तिची खूण असेल, आणि युनिटने डिव्हिजन बदलली की तीही बदलेल. पत्र लिहायचं तर त्याच्या युनिटच्या नावाने आणि त्याने दिलेल्या एपीओच्या (लष्करी टपाल कार्यालयाच्या) पत्त्यावर पाठवा, डिव्हिजनचं नाव पाकिटावर कुठेही घालू नका. युनिट कुठेही गेलं तरी पत्र त्याच्यापर्यंत पोचतं.